हे आणि हेत

मी खजिनदार, म्हणून आधी आकडे.
मुलं सहा, त्यातलं एक कायम सर्दीनं घरी.
बाक चार, चराईतल्या बंद पडलेल्या क्लासकडून घेतलेले,
एकावर कुणी कर्कटकानं कोरलंय : स्वाती पास.
विजेचं बिल. मास्तरीणबाईंचं मानधन, दोन महिने थकलेलं.
फळा पुसायचं फडकं जुन्या पडद्याचं, म्हणजे फुकट.
शिल्लक लिहायची लाज वाटते.

रविवारी सभा भरली, सिनेगॉगच्या मागच्या खोलीत.
एस्तेरबाई म्हणाल्या, दहावीला याचे मार्क धरतात का?
ज्योएल म्हणाला, माझा भाऊ वीस वर्षं अश्दोदला आहे,
शनिवारी तो चड्डी घालून समुद्रावर जातो,
आणि आपण इथे ठाण्यात...
पुढचं त्यानं खांद्यांवर सोडलं.
कुणी म्हणालं, आपले पणजे शनिवारी घाणा बंद ठेवत,
तेवढ्यावर निभावलं ना, शाळेवाचून?
मी म्हणालो, पोरं शिकतील आणि उडून जातील,
आपण दाणे टाकायचे कुणासाठी?
टाळ्या पडल्या.
मला आवडल्या, खोटं कशाला बोलू.

रब्बी वाक्रूळकर शेवटच्या बाकावर,
पोरांचा बाक, गुडघे हनुवटीशी आलेले.
पाळी आली तेव्हा म्हणाले,
"मंगळवारी पोरांना कबरस्तानात न्यायचंय.
उन्हात एकट्याला सहा आवरत नाहीत. गाडी कुणाकडे आहे?"
आम्ही म्हणालो, रब्बी, शाळेबद्दल बोला.
"तेच बोलतोय," म्हणाले.
गाडी माझ्याकडे.

मे महिना. दगड तव्यासारखे.
पोरं नावं शोधत पांगली, बोटांनी अक्षरं चाचपत,
एकानं गवतातली चेंडूची साल उचलून खिशात घातली.
ओर्पा केहीमकर, वय नऊ, माझ्या वडिलांपाशी थांबली.
"काका, हे चुकलंय."
काय?
"हेच. हे चुकलंय. इथे हेत हवं. हेत दोन्हीकडून बंद असतं,
याला डावीकडे फट आहे, बघा, माझं नख जातं.
वाचताना चालून जातं,
पण पिन्हास असं नाही लिहीत."

कागद मीच दिला होता पाथरवटाला.
घरच्या पुस्तकावरून मीच उतरवला, चित्र उतरवावं तसा.
पैसे चुकते केले, पावती घेतली, अजून आहे फायलीत.
अकरा वर्षं दर वर्षी येतो,
खडा ठेवतो, घड्याळ बघतो.

रब्बी वाकले. चष्मा कपाळावर.
मी बोलणी खायच्या तयारीत.
ते म्हणाले, "जुने गुरू सांगतात,
हे अक्षर खालून सगळं उघडं, माणूस सहज घसरतो बाहेर.
म्हणून बाजूला ही फट ठेवलीय,
कुणाला परत यायचं झालं तर."
मग ओर्पाला म्हणाले, "पण चूक ती चूकच. शाब्बास."
मग मला : "बुजवायचं तर कारागीर बघू.
वडील तुमचे, तुम्ही ठरवा."

परतताना माजिवड्याच्या सिग्नलला मी म्हणालो,
रब्बी, यानं माझं मत बदललं असं समजू नका.
"नका बदलू," ते म्हणाले,
मागे पोरं डब्यातल्या पोळ्यांवरून भांडत होती,
"शंका बसूनही घेता येते.
उभ्यानं घेतली की पाय दुखतात. बाक रिकामा आहे एक."

नोंद, बुधवार :
एक वही, दोन रेघी, खर्च माझ्या खिशातून.
बसलो 'स्वाती पास'वर, गुडघे हनुवटीशी.
शाळा चालेल का, माहीत नाही. शिल्लक तेवढीच आहे.
ओळभर हेत काढले.
ओर्पा वाकून बघते, म्हणते, पुन्हा.

मराठीत हेत म्हणजे मनात धरलेलं काही.
माझं अजून
डावीकडून उघडंच राहतं.